ओल्या पुठ्ठ्याचा वास

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोसमोर नाही, भावासमोर नाही, आणि मिस्साआधी पापांची कबुली द्यायला ज्या फादरांपुढे गुडघे टेकतो त्यांच्यापुढेही नाही. त्यांना मी सांगतो — राग आला, शिवी दिली, एकदा खोटं बोललो. 'एकदा खोटं बोललो' — किती सोयीचं वाक्य आहे हे! त्याच्या पोटात काय काय मावतं ते फादर विचारत नाहीत आणि मी सांगत नाही. तुम्हाला सांगायला बसलोय, पण बघा, सुरुवातीलाच आडवळण घेतलं.

मी वसईचा. मस्कतमध्ये बावीस वर्षं झाली. इथल्या गाला भागातल्या एका गॅरेजात सर्व्हिस मॅनेजर आहे. दिवसभर ऑइल, ब्रेकपॅड आणि 'गाडी आजच पाहिजे' म्हणणारे लोक. असल्या माणसाचा फ्रान्समधल्या बरगंडीच्या वाईनशी काय संबंध? काहीच नाही. आमच्या गिऱ्हाइकांत एक फ्रेंच इंजिनिअर होता, नोकरी संपवून मायदेशी निघाला. त्याची जुनी जीप मी वर्षानुवर्षं चालती ठेवली होती. जाताना त्याने मला वाईनच्या सहा बाटल्या दिल्या आणि बरगंडीतल्या द्राक्षमळ्यांचा एक नकाशा. कुठल्या उतारावर कुणाचा मळा, सगळं बारीक अक्षरांत. मी तो नकाशा जेवणाच्या टेबलाजवळच्या भिंतीवर लावला आणि त्या दिवसापासून वेडा झालो.

वेडाच म्हणा. तिथल्या गावांचं हवामान मी फोनवर रोज बघायला लागलो. वसईला आमची केळीची वाडी, त्यामुळे आभाळाकडे बघत जीव टांगणीला लावायची सवय रक्तातच होती. इथे आभाळाकडे बघून काय कळणार? इथे ते बाराही महिने कोरडंच. म्हणून मी दुसऱ्याचं आभाळ धरलं. एप्रिलात वेलींचे डोळे फुटले की तिथे हिम पडतं, आणि माणसं वेलींच्या ओळींमधून मोठमोठ्या मेणबत्त्या पेटवतात, कोवळे कोंब वाचवायला. जूनमध्ये फुलोरा, जुलैत गारांची भीती, मग मण्यांना रंग, सप्टेंबरात तोडणी. टायरवाल्याने दिलेल्या कॅलेंडरवर मी हे सगळं लिहून ठेवायचो. फिलू — माझी बायको — म्हणायची, "स्वतःच्या वाडीत केळी किती लागली ते ठाऊक नाही, आणि फ्रान्सची काळजी!"

शुक्रवारी मिस्सा झाला की दुपारी आमच्याकडे एक बाटली उघडायची. पडदे ओढायचे, एसी अठरावर टाकायचा, नुसतं चाखायचं नाही — आधी हुंगायचं, बोलायचं. वसईची चार माणसं यायची. माझ्या नाकाचा बोलबाला झाला. डोळे मिटून मी वाईन ओळखायचो — खरंच ओळखायचो, ही फुशारकी नाही. तेव्हा नव्हती.

त्या चारांतला एक सायमन. आमच्या शेजारच्या गावचा, पस्तिशीचा, एका मोठ्या हॉटेलात वेटर. घरी केळी खोक्यांत भरण्याचा धंदा. मला दादा म्हणायचा, फिलूला वहिनी. त्याचं एकच स्वप्न होतं. हॉटेलातल्या पाहुण्यांना कुठली वाईन घ्यावी ते सांगणारा जो माणूस असतो, तो त्याला व्हायचं होतं. पण शिकणार कुठे? इथे दारू विकत घ्यायला परमिट लागतं आणि बाटली दुकानातून थेट आपल्या घरी न्यावी लागते. सायमनकडे परमिट नव्हतं, आणि तो राहायचा स्टाफच्या खोल्यांमध्ये, तिथे थेंबालाही बंदी. म्हणजे त्याला शिकायला अख्ख्या ओमानमध्ये एकच जागा होती — माझं जेवणाचं टेबल. हे मला माहीत होतं. लक्षात ठेवा, हे मला चांगलं माहीत होतं.

शिकवलंही मी त्याला. एकदा एक बाटली बिघडलेली निघाली. बुचाला विशिष्ट बुरशी धरली की वाईनमधला फळांचा वास मरून जातो आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. मी ग्लास त्याच्या नाकाखाली धरला आणि म्हणालो, "हा वास जन्मात विसरू नकोस." त्याने पाच-सहा वेळा हुंगलं, डोळे बंद करून, प्रार्थना करावी तसं.

मग मला तो ताप आला. आठ-दहा दिवसांत उतरला, अशक्तपणाही गेला. वास मात्र परत आला नाही. कळलं कसं? स्वयंपाकघरात मी फोनवर हवामान बघत बसलो होतो आणि शेगडीवर दूध करपून काळं झालं. फिलू धावत आली, खिडक्या उघडल्या, मला म्हणाली, "बसलायस काय? घरभर वास सुटलाय!" मी हसलो. म्हणालो, लक्ष नव्हतं. तिथेच म्हणायला हवं होतं ना, की मला काहीच येत नाहीये — दूध नाही, साबण नाही, तुझ्या केसांतलं तेलसुद्धा नाही? का नाही म्हणालो? कारण पुढचा शुक्रवार दोन दिवसांवर होता.

आणि त्या शुक्रवारी मला शोध लागला, की नाकाशिवायही भागतं. बाटलीवर गाव असतं, वर्ष असतं. त्या वर्षी त्या गावात कधी हिम पडलं, तोडणी घाईत झाली की सावकाश, सगळं मला पाठ. उन्हाळा कडक असेल तर म्हणायचं, पिकलेली चेरी. पावसाळी असेल तर म्हणायचं, ओली माती, झाडाखालची पानं. सगळे माना डोलवायचे. जिभेला आंबट-गोड तेवढं कळत होतं, बाकी सगळा कॅलेंडरचा कारभार. जवळजवळ वर्षभर मी अशी थापेबाजी केली आणि कुणाला संशयसुद्धा आला नाही. सांगायला लाज वाटते, पण मला त्यात मजाही यायला लागली होती.

इथपर्यंतचं सांगणं सोपं आहे. इथपर्यंत मी फक्त ढोंगी होतो.

सायमनच्या हॉटेलने ठरवलं, वेटरांतल्या एकाला वाईनच्या कोर्सला पाठवायचं. नाव सुचवायचं होतं त्यांच्या मॅनेजरला, नोरोन्हासाहेबांना. सायमनने त्यांना माझ्याकडे शुक्रवारच्या जेवणाला आणलं. माझ्याबद्दल काय काय सांगितलं होतं कुणास ठाऊक, साहेब दारातच म्हणाले, "Benny, you are famous, यार!" मी हुरळलो. त्या फ्रेंच इंजिनिअरच्या सहा बाटल्यांमधली शेवटची काढली. फिलू आत भात उपसत होती. आम्ही तिघंच टेबलावर.

सायमनने ग्लास फिरवला, हुंगला. परत हुंगला. त्याचा चेहरा पडला. हळूच म्हणाला, "दादा... सॉरी हां. पण हिला कॉर्क लागलाय, I think. ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. सायमननेही बघितलं — आणि त्याच्या नजरेत आव्हान नव्हतं हो, आशा होती. मी 'शाबास' म्हणावं एवढीच. मी ग्लास नाकाला लावला. काही नाही. फ्रीजचं दार उघडल्यावर येते तशी थंड हवा, बस्स.

काय काय म्हणता आलं असतं! 'असेल बुवा.' 'दुसरी उघडू.' 'मला हल्ली वास येत नाही, सायमन सांगतो ते धरा.' एक वाक्य पुरलं असतं. पण माझी राखून ठेवलेली बाटली, माझं टेबल, माझं नाव — आणि शिकवलेला माणूस मला चूक ठरवतोय? मी हसलो. म्हणालो, "अरे, त्या वर्षी तिथे सप्टेंबरभर पाऊस होता. तोडणी ओल्यातच झाली. हा मातीचा वास आहे, याला दोष म्हणत नाहीत." एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. थांबलो नाही. साहेबांकडे वळून म्हणालो, "याचाही दोष नाही, साहेब. जन्म केळीची खोकी भरण्यात गेला, याला सगळीकडे पुठ्ठाच येणार."

साहेब खो खो हसले. ते मुळात व्हिस्कीचे, वाईनमधलं त्यांना बेताचंच कळायचं. सायमनही हसला. मग त्याने तो ग्लास उचलला आणि सगळा प्यायला, माझ्या डोळ्यांदेखत, एक थेंब न ठेवता. "माझंच चुकलं, दादा," म्हणाला.

ते दोघं गेल्यावर फिलू ग्लास विसळत होती. ती टेबलावर नव्हती, तिने आमचं बोलणं ऐकलं नव्हतं. तिने एक ग्लास नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. "ही कसली रे वाईन? पावसात भिजलेल्या खोक्यासारखी."

फोन माझ्या हातात होता. सायमन अजून बसमध्ये असेल. साहेबांना नाव कळवायचं होतं रविवारी, म्हणजे मधे अख्खा शनिवार होता. मी काय केलं असेल, सांगा? बाटलीत उरलेली वाईन सिंकमध्ये ओतली आणि नळ सोडला. फिलू म्हणाली, अरे, एवढी महागातली! मी म्हणालो, खलास झाली ती. आणि पंखा लावून झोपलो. झोप लागली मला. गाढ.

कोर्सला दुसराच वेटर गेला. सायमनने वर्षभरात हॉटेल सोडलं. आता मस्कतबाहेर, बरक्याला एका उपाहारगृहासाठी सामान आणतो, स्वतः गाडी चालवतो. वाईनचं नाव काढत नाही. पण तुटला नाही — तुटला असता तर बरं झालं असतं. नाताळला फोन करतो, आणि दर वेळी तेच म्हणतो, "दादा, तुम्ही घरच्या घरी सांगितलंत म्हणून वाचलो. कस्टमरसमोर असलं बोललो असतो तर केवढी फजिती!" माझे आभार मानतो तो. ऐकताय ना? आभार. आणि मी म्हणतो, "असू दे रे."

गेल्या महिन्यात मी आणि फिलू बरक्याच्या मासळी बाजारात गेलो, तर तिथे सायमन भेटला. उपाहारगृहासाठी सुरमई घ्यायला आला होता. विक्रेता घाई करत होता, यल्ला यल्ला. वसईत वाढलेला माणूस, मासळीवर पोसलेला — कल्ले उघडून बघायचे आणि हुंगायचं, हे त्याला कुणी शिकवायला हवं होतं? पण तो मागे सरकला. मासा माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "दादा, तुम्हीच बघा ताजी आहे का. माझ्या नाकाचा काही भरवसा नाही."

फिलू पलीकडे कोळंबी निवडत होती. तिला हाक मारता आली असती.

मी वाकलो. सुरमईच्या कल्ल्यांजवळ नाक नेलं, चांगला लांब श्वास घेतला. काहीच आलं नाही. सायमन माझ्या तोंडाकडे बघत उभा होता.

"ताजी आहे," मी म्हणालो. "घे."

त्याने घेतली.