पांढरा शर्ट आणि तर्री

उघड्या टपाच्या माझ्या जुन्या टू-सीटर गाडीला मी नवं सस्पेन्शन बसवणार होतो. लकडगंजात ट्रकच्या कमानी, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीनं गाडी दाबून, हलवून पाहिली.

"काहून बदलता भाऊ? हिच्याच कमानी सुधरवून देतो."

चाचणीच्या दिवशी तो पांढराशुभ्र शर्ट घालून, हातात तर्रीच्या लाल रश्श्यानं काठोकाठ भरलेली पोह्यांची प्लेट घेऊन शेजारी बसला. तर्री सांडली तर कमानी पुन्हा उतरवायच्या, ही त्याचीच अट. खड्डा आला की मी गाडी चालवता चालवता प्लेटकडे बघायचो. तो मात्र मजेत खात होता. घराजवळच्या गतिरोधकावर एक लाल थेंब त्याच्या छातीवर उडाला.

"उतरवायच्या?" मी धास्तावून विचारलं.

थेंबाकडे बघत तो खदखदून हसला. "राहू द्या भाऊ! एवढं बी नाही उडालं, तं गाडीत बसलो कशाले?"