वाचून दाखवलेली बातमी

सुहास गेल्याचं मला धाकट्या भावाने, विलासने, फोन करून सांगितलं. मी मोरीत बोंबील साफ करत होते. "ताई, सुहास गेला गं... सकाळी, झोपेतच." माझ्या तोंडून काय निघावं? "बरं." एवढंच बोलले आणि पुन्हा बोंबील हातात घेतले. करी रोडच्या एकाच चाळीत वाढलेलो आम्ही, पहिलीपासून एका वर्गात. पण गेलं वर्षभर मी त्याच्याशी बोलत नव्हते. आता महिना उलटला. सगळ्यांचं गोड गोड लिहून झालंय. मला ते जमायचं नाही. माझा त्याच्यावर राग आहे आणि तो मेला म्हणून राग काही कमी झालेला नाही.

मोठ्या पेपरात बातमीदारी करण्यात त्याने उमेदीची वर्षं घालवली. म्हणायचा, "अगं, आमच्या पेपरात लालबाग येतं ते गणपतीत. बाकीचे अकरा महिने इथे माणसं राहतात की नाही?" शेवटी नोकरी सोडून त्याने आमच्या चार-पाच चाळींपुरतं एक पान काढलं, दर शुक्रवारी, पाठपोट छापलेलं. बातम्या आम्ही रहिवाशांनी आणायच्या, खात्री त्याने करायची. मी पालिकेच्या इस्पितळातून निवृत्त झालेली नर्स, घराघरांत ओळख, त्यामुळे अर्ध्या बातम्या माझ्याच. आणि छापण्याआधी रविवारी भजनी मंडळाच्या खोलीत प्रत्येक बातमी मोठ्याने वाचायची. "कुणाची हरकत?" असं तो विचारायचा. एकदा मी लिहिलं होतं, दवाखान्यात डॉक्टर येतच नाही. मागून जाधवकाका ओरडले, "येतो की! अकराला येतो, साडेअकराला जातो!" तसंच छापलं. पुढच्या आठवड्यापासून डॉक्टर नऊला हजर! असली मजा होती. एक नियम मात्र त्याने स्वतः घातलेला... चारचौघांत वाचलेली बातमी चारचौघांना विचारल्याशिवाय गाळायची नाही. त्या नियमावर लोकांचा विश्वास बसला होता. माझा तर होताच.

मागच्या वर्षी चाळीच्या पुनर्विकासाचे संमतीअर्ज जमा झाले. कमिटीने भिंतीवर कागद लावला, बहुतेक सगळे राजी आहेत म्हणून. मी हट्टाने अर्ज बघायला मागितले. चाळताना आईच्या नावाचा अर्ज निघाला, खाली वळणदार सही. आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. आणि ती जन्मभर अंगठा लावत आली! अशा मेलेल्या माणसांच्या आणखीही सह्या होत्या. सुहास स्वतः येऊन ते अर्ज बघून गेला, मृत्यूचे दाखले ताडून बघितले. रविवारी त्यानेच बातमी वाचली. "कुणाची हरकत?" कुणीच हरकत घेतली नाही.

शुक्रवारी पान आलं. बातमी नाही. त्या जागी हळदीकुंकवाची सूचना. मी तशीच त्याच्या घरी गेले.

"जागा नव्हती गं, सुनंदा," तो म्हणाला. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता.

"जागा नव्हती? सुहास, तू माझ्या तोंडावर खोटं बोलतोयस."

तो चष्मा पुसत राहिला. मी निघून आले ती कायमचीच. इकडे तीन म्हातारे भाडेकरू अडून बसले होते. एवढे सगळे तयार आहेत तर आपण तिघं काय अडवणार, असं म्हणत त्यांनीही सह्या केल्या. वरचा मजला रिकामा झाला. तळमजल्याच्या शांताबाई संक्रमण शिबिरातल्या तात्पुरत्या खोलीत गेल्या त्या तिथेच वारल्या. रविवारी खोलीत येणारे कमी होत गेले. कुणी म्हणालं, बिल्डरने सुहासला गप्प केलं. मी नाही म्हटलं नाही, कारण मलाही तेच वाटत होतं.

सुहासच्या दहाव्याला विलास माझ्याशेजारी बसून ढसाढसा रडायला लागला. "ताई, आईची सही मी केली होती. कमिटीवाले म्हणाले, खोली अजून तिच्याच नावावर आहे, सही नसेल तर तू बाहेर. घाबरलो गं. बातमी वाचली त्या संध्याकाळी सुहासच्या पायांवर डोकं ठेवलं. तो म्हणाला, सुनंदाला कळलं तर ती तुझं तोंड बघणार नाही. जा, मी बघतो."

माझाच भाऊ. समोरच्या खोलीत राहणारा, रोज माझ्या हातचा चहा पिणारा. वर्षभर मी सुहासला शिव्या घालत होते आणि हा बशीत चहा ओतून ऐकत होता!

पुढच्या रविवारी भजनी मंडळाच्या खोलीत मी ती बातमी पुन्हा वाचली. आईच्या सहीपाशी आले आणि सही कुणाची, तेही वाचलं. विलास दाराशी उभा होता. "कुणाची हरकत?" मी विचारलं. तो निघून गेला. सुहासमागे पान आम्ही रहिवासीच काढतो; शुक्रवारी बातमी छापून आली. उरलेल्या भाडेकरूंनी संमतीअर्जांची चौकशी मागितलीय. समोरचं दार मात्र त्या दिवसापासून बंद आहे. भावजय भाजीला निघते तीसुद्धा मागच्या जिन्याने.

सुहास, हे दार उघडं राहावं म्हणून तू बातमी गाळलीस, एवढं मला कळतं रे. पण मला विचारायचं होतंस. मी काय म्हणाले असते ते तुला पक्कं ठाऊक होतं... म्हणूनच तू विचारलं नाहीस.