चंदनाच्या पिशव्यांतलं तण

खुरपणीत म्हातारीचा हात धरणारं रोपवाटिकेत कुणी नव्हतं. माझ्या वाफ्यात तणाची काडी सापडली तर मिशी काढून देईन, असं ती खुशाल सांगायची, आणि बाकीच्या बायका तिच्या ओठावरच्या लवेकडे बघून हसू दाबायच्या.

चंदनाची रोपं पहिल्यांदाच आली, तेव्हा मुकादमाने सगळ्यांना उभं करून समजावलं. ही नळावर खुरपं धूत राहिली. चाळीस वर्षं खुरपल्यावर तण कशाला म्हणतात ते आता हा शिकवणार? हा हेकाच तिला नडला.

दोन महिने ती गुलाबांकडे होती. मग चंदनाकडे आली, तर प्रत्येक पिशवीत रोपाला खेटून एक लालसर पानांचं झुडूप! तिचं डोकंच फिरलं. दोन दिवसांत तिने आठशे पिशव्या साफ केल्या. उपटताना मुळं सुटेनात. चंदनाच्या मुळांवरच्या बारीक पांढऱ्या गाठी त्या झुडपाच्या मुळांना गच्च धरून होत्या. रोग असेल म्हणून तिने आणखी जोर लावला.

महिन्याभरात चंदन पिवळं पडलं, पानं गळाली. मुकादम एक वाळकं रोप घेऊन आला.

"पानं हिरवी असली म्हणून काय झालं? हे एकट्याने पोट भरत नाही. मातीखाली शेजाऱ्याच्या मुळात तोंड खुपसतं, तेव्हा जगतं. मुद्दाम लावलेले शेजारी उपटले कुणी?"

काम सुटलं तर या वयात म्हातारीला कुणी दारात उभं करणार नव्हतं. ती खाली वाकून खुरप्याची माती पुसू लागली.

"मी उपटले," शेजारच्या वाफ्यात खुरपणारी तिची सून म्हणाली.

मुकादमाने सुनेला तिथल्या तिथे कामावरून काढलं. म्हातारीने खुरपं उचललं आणि संध्याकाळपर्यंत मेलेल्या रोपांच्या पिशव्या रिकाम्या केल्या.

घरी सून भांडी घासत होती.

"तू का गं..." म्हातारीला पुढे बोलवेना.

"मला दुसरीकडे काम मिळेल. तुम्हाला कोण ठेवणार?" सून वर न बघता म्हणाली. "आणि तुम्ही दिवसभर घरात बसलात तर मला वेड लागेल."

एरवी एकाला चार ऐकवणारी म्हातारी घासलेली भांडी पुसायला बसली. खरं सांगायला अजून उद्याची सकाळ होती, हे दोघींनाही ठाऊक होतं. सकाळी म्हातारी नेहमीच्या वेळेला उठली, कामावर गेली आणि मुकादमाला काही न सांगता खुरपायला बसली.