ईना कोरीचा पहिला प्रश्न

व्हिनब्रे गावच्या लोकांना चारचौघांत तोंड उघडायचं म्हणजे संकट. मेंढरांच्या बाजारात बोलीसुद्धा ते भुवई उडवूनच लावतात. त्यामुळे दर सप्टेंबरात गावात पुस्तकांचा उत्सव भरला, की लेखकाचं भाषण संपून "कुणाला काही विचारायचंय?" म्हटल्यावर तंबूत फक्त कापडाची फडफड ऐकू येई. त्यावर गावाने तोडगा काढला होता. पहिला प्रश्न ईना कोरीने विचारायचा. मग बाकीच्यांना कंठ फुटे.

"ईनाने वाचलं नाही असं पुस्तक नाही," गाव म्हणे. खरा वाचणारा तिचा नवरा वॉटी. जेवणं झाली की तो मोठ्याने वाची आणि ती विणता विणता ऐके. तो गेल्यावर तिने एकही पुस्तक पुरं केलं नव्हतं. पान उघडलं की घर फार गप्प वाटे. पण लोकांचं बोलणं तिने कधी खोडून काढलं नाही. कुठल्याही पुस्तकाला चालेल असा एक प्रश्न तिला सापडला होता. तो विचारला की लोक हसत, लेखक खुलत.

लेखकांना घरोघरी उतरवायची गावची रीत. या वर्षी तिच्याकडे उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवरचा मॅग्नस ड्रीव्हर उतरला होता. चाळिशीचा, अबोल. त्याने आपलं पुस्तक ऑगस्टातच टपालाने पाठवलं होतं.

संध्याकाळी त्याचं बोलणं संपलं. ईना सवयीने उठली.

"तुमच्या आईने हे वाचलं का हो? काय म्हणाली?"

कुणीच हसलं नाही. ड्रीव्हरने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"तिचा पत्ता सापडला, तर विचारून सांगतो."

शेजारीण नेटा हिने तिला हाताला धरून खाली बसवलं. "अगं ईना, तो सात वर्षांचा असताना आई टाकून गेली त्याला! पहिल्याच पानावर आहे!"

पुढचं ईनाला काही ऐकू आलं नाही. टाळ्या सुरू होताच ती मागच्या बाजूने निसटली आणि तिने घर गाठलं.

पुस्तक स्वयंपाकघरात होतं, जिथे महिनाभर होतं तिथेच. चहाच्या किटलीखाली. वरच्या पुठ्ठ्यावर किटलीच्या बुडाचा गोल डाग पडला होता. कमरेच्या ॲप्रनने ती तो घासत बसली. डाग गेला नाही. शेगडीवरचं सूप उतू गेलं.

दार वाजलं. ड्रीव्हर आत आला.

"मी वाचलं नव्हतं," ईना त्याच्याकडे न बघता म्हणाली. "कुणाचंच वाचत नाही मी."

"हं." त्याने टोपी काढली. "दुपारी चहा घेताना बघितलं मी ते, किटलीखाली."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"मला वाटलं, वाचून वाचून इतकं घरचं झालंय, की आता किटलीखाली चालतंय."

त्याने टोमणा मारला असता तर तिला सोसलं असतं. हे सोसवेना. तिने खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत ती पहिलं पान मोठ्याने वाचायला लागली. आई दार उघडं टाकून गेली होती. मुलगा थंडी आत येईल म्हणून ते लावू की नको, असा विचार करत उभा होता. ड्रीव्हरने सूप वाढून घेतलं आणि तो खात राहिला. "थांबा" म्हणाला नाही, "पुरे"ही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी तंबूत एक लेखिका होती. बोलणं संपलं. संयोजकाने नेहमीसारखी ईनाकडे बघून मान हलवली. ती उठली नाही. कापड फडफडत राहिलं. बिचारी लेखिका हसू चेहऱ्यावर धरून उभी.

"मी वाचलेलं नाही," ईना बसल्या जागेवरून म्हणाली. "यांचंही नाही, आणि गेली सहा वर्षं कुणाचंही नाही."

मागून म्हाताऱ्या डूगी मेंढपाळाचा आवाज आला, "आणि आम्ही इतकी वर्षं तुझ्या जिवावर न वाचता बसलोय, त्याचं काय?"

तंबू हसला. ईनाच्या कानांच्या पाळ्या पेटल्या. तिने हात मांड्यांखाली घट्ट दाबून धरले आणि ती पळून गेली नाही.