उत्तनच्या चढावरचा दहावा सायकलस्वार

अर्जदार : दत्ताराम सावळे, वय त्रेपन्न, धंदा अर्जलेखन, राहणार कोपरी, ठाणे पूर्व.
दिवस व वेळ : गेल्या महिन्यातील दुसरा रविवार, सकाळी सव्वानऊ, लख्ख ऊन.
ठिकाण : उत्तनहून गोराईकडे जाणारा किनाऱ्यालगतचा रस्ता.
साक्षीदार : (१) सुषमाताई, आमच्या सायकल ग्रुपच्या प्रमुख. (२) नरेश, राहणार कळवा. दोघेही आता साक्ष फिरवतात.

प्रथमच नमूद करतो की भूतखेत, चकवा वगैरेंवर माझा कधीही विश्वास नव्हता व आजही नाही. कचेरीबाहेर टेबल टाकून एकवीस वर्षे मी लोकांचे अर्ज लिहीत आहे. शिक्षण नववी, परंतु माझ्या अर्जात एक खाडाखोड दाखवावी, मी टेबल उचलून घरी जाईन.

त्या दिवशी आम्ही नऊ जण कोपरीहून निघून घोडबंदर, भाईंदरमार्गे उत्तनला पोचलो. ग्रुपचा शिरस्ता असा, की निघताना, थांब्यावर आणि प्रत्येक चढ संपला की हजेरी. मान न वळवता ज्याने त्याने आपला नंबर ओरडायचा. पहिल्या सुषमाताई, शेवटचा मी. शेवटच्याचे काम एकच – आपल्यामागे कोणी राहू द्यायचे नाही. ती जागा मी स्वतः मागून घेतलेली आहे.

उजवीकडे समुद्र, डावीकडे बांबूंवर वाळणारे बोंबील. चढ संपला. "एक!" पासून हजेरी सुरू झाली. "आठ!" हा नरेश. "नऊ!" हा मी. आणि माझ्या पाठीमागून, चार हातांवरून, धापा टाकत...

"दहा!"

पुरुषाचा, वयस्क आवाज. मी वळून पाहिले. रस्ता सरळ आणि रिकामा.

"काका, दोनदा काय ओरडताय?" नरेश म्हणाला.

"मी एकदाच ओरडलो."

"मग दहा कोण, तुमची सायकल?"

पुढून सुषमाताई ओरडल्या, "दहा? बरं, चला!" आणि लगेचच्या थांब्यावर त्यांनी हजेरीच्या वहीत तसे लिहिलेही. त्यांच्याच अक्षरात – कोपरी ९, भाईंदर ९, उत्तनचा चढ १०.

पुढच्या चढावर "दहा" पुन्हा आले, पण लांबून. त्याच्या पुढच्या चढावर इतके क्षीण, की वाऱ्यात जेमतेम कळले. तो मागे पडत होता. मी सायकल उभी केली.

नरेशचा फोन आला. "काका, पंक्चर झालीय का?"

"नाही. माणूस मागे आहे."

त्याने फोन ठेवला. बोंबील उलटणाऱ्या बाईने विचारले, "कोनाची वाट बघता?" मी सांगितले. ती रस्त्याकडे बघून म्हणाली, "मागं तर कोन नाय." तरीही पाऊण तास मी उभा होतो. "आलात का हो?" असे मोठ्याने विचारत होतो. उत्तर आले नाही.

पुढे ग्रुप तापलेला. "काका, रिक्षा नाही मिळाली का?" इति नरेश. सुषमाताई म्हणाल्या, "दत्ताराम, आवाज बदलून गंमत केली असं ग्रुपवर लिहा. दोन ओळींची माफी, विषय संपला. नाहीतर शेवटची जागा नरेशला." आणि वहीतला दहा खोडायला त्यांनी पेन काढले.

मी वहीवर हात ठेवला. "ताई, चूक असेल तर खाडाखोडीखाली सही करा. तुम्ही ऐकलंत की नाही?"

"ऐकलं असेल. पण माणूस नव्हता ना!"

सही त्यांनी केली नाही. दहा अजून वहीत आहे.

प्रतिध्वनी असावा, असे काही जण म्हणतात. प्रतिध्वनी नऊचा नऊच येतो, महाशय, दहा येत नाही. उन्हाने डोके फिरले म्हणावे, तर सुषमाताईंच्या पेनालाही ऊन लागले काय? लोकांचे माफीनामे मी शेकड्यांनी लिहिले आहेत. स्वतःचा लिहिणार नाही.

कोपरीला शेवटची हजेरी झाली. "नऊ" म्हणून मी थांबलो. मागून काहीच आले नाही. सगळे सुखरूप परतले म्हणून टाळ्या वाजल्या. मी वाजवल्या नाहीत... एक जण तिथेच राहिला होता, आणि तो माझ्यामागे होता.

हे काय होते, याचे स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. सबब विनंती, की या रस्त्यावर ज्यांचा कोणी सायकलस्वार मागे राहिला असेल त्यांनी लेखी कळवावे. तोवर शेवटची जागा मी सोडणार नाही. ग्रुप आला नाही तरी येत्या रविवारी मी त्याच चढावर "नऊ" म्हणून थांबणार आहे.

उत्तराची वाट पाहणारा,
दत्ताराम सावळे