काकांची पिवळी रेघ

पिवळ्या ऑइल पेंटचा वास आला की आजही माझ्या कपाळाला आठ्या पडतात. चिंचपोकळीच्या गाळ्यात मी गाड्यांचे हादरे झेलणारे रबरी बुश बनवायचे आणि ते शेजारच्या काकांच्या लोखंडी ब्रॅकेटमध्ये बसायचे. आमचा माल एकाच गाडी कंपनीला जायचा. लहान-मोठ्या मापांची सरमिसळ होऊन तो सारखा परत यायला लागला, तेव्हा कंपनीने दोघांना शिकवायला एक इंजिनीयर पाठवला. तो चहा माझ्याकडे प्यायचा आणि रमायचा काकांकडे. कुठलं माप कुठे ठेवायचं ते दिसावं म्हणून त्याने काकांकडून जमिनीवर पिवळ्या रेघा मारून घेतल्या आणि मला म्हणाला, "ताई, जरा काकांचा गाळा बघून या." माझाच चहा पिता पिता! मी म्हटलं, "मला कामं आहेत." दुसऱ्या दिवशी काकाच उरलेला रंग घेऊन आले. "सरक गो बाजूला," म्हणत गुडघे टेकून त्यांनी माझ्या गाळ्यातही रेघ ओढली. त्यानंतर आमचा माल परत आला नाही. आता काका कायमचे गावी गेलेत. काल ती पुसट रेघ मी स्वतः रंगवली. माझी वाकडी आली, आणि तिच्या कडेने त्यांची जुनी अजून डोकावते, मेली सरळच्या सरळ.