तिसाव्या दिवशी फोडलेले क्यूब

आमच्या स्थापत्य विभागाच्या दारावर संशोधन केंद्राची पाटी लागली तेव्हा ती पाटी आतल्या प्रयोगशाळेपेक्षा चकचकीत होती. आत काँक्रीटचे क्यूब, म्हणजे चाचणीचे ठोकळे, ओतायचे साचे मोजकेच, त्यातलेही काही गळके, आणि काँक्रीट दाबून फोडायचं मशीन एकच. वर्षानुवर्षं मागून मिळालेलं, म्हणून त्याचं कौतुक नव्या नवरीचं होत नाही एवढं. तपासणीला कुणी आलं की आम्ही त्याच्यावरचं कापड काढायचो, ते गेले की परत घालायचो.

माझ्याकडे एम.टेक. करणारी मुलगी दवनीवाड्याकडची. राईस मिलच्या मागे ढिगाने पडणारी धानाच्या तुसांची राख सिमेंटमध्ये मिसळली तर काँक्रीट किती दम धरतं, हा तिचा विषय. राखेची पोती ती कंडक्टरशी भांडून बसने आणायची. साचे बी.टेक.च्या पोरांकडून सुटले की मग तिचा नंबर. शेवटच्या मिश्रणासाठी ते मोकळे झाले, तेव्हा तारीख मीच दिली. क्यूब पाण्यात ठेवून बरोबर अठ्ठावीस दिवसांनी फोडायचे, हे मी वर्गात घसा फोडून सांगतो. पण ते दिवस कॅलेंडरवर पुढे मोजून पाहायचं मलाच सुचलं नाही. ते नवमीला भरले.

नवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. इंजिनीअर झालो तरी यात कुणी कसूर करत नाही. मशीन धुऊनपुसून हळदकुंकू, झेंडूची माळ, समोर नारळ. आणि एकदा पूजा झाली की दसरा उलटेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. ती टाकीतून काढलेले ओले क्यूब घेऊन दारात आली तेव्हा विभागप्रमुख आरती करत होते.

"सर, आज अठ्ठावीसवा दिवस हाये," ती हळूच म्हणाली. "काँक्रीट तं सणवार पाहून नाही राहत."

मी प्रमुखांकडे पाहिलं. त्यांनी माझ्या हातावर प्रसाद ठेवला. दोन दिवसांनी काँक्रीटला असा काय फरक पडतो, असं मी तिला समजावलं. ते तसं फारसं खोटंही नव्हतं, पण बोलताना माझी मलाच लाज वाटत होती. तिने क्यूब परत पाण्यात सोडले, दसऱ्याची सुटी संपल्यावर तिसाव्या दिवशी फोडले आणि प्रबंधात तीस असंच लिहिलं. मी ते वाचून पुढे गेलो.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक नेमके तिथेच अडले. सगळीकडे अठ्ठावीस, मग या एकाच मिश्रणाला तीस का? तिने तोंड उघडायच्या आत मी सांगून टाकलं की त्या दिवशी लाइट नव्हती. आमच्या भागात ही सबब कुणालाही पटते.

"लाइट होती सर," ती म्हणाली. "मशीनची पूजा होती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परीक्षक मात्र हसले. त्या हसण्यात टोमणा नव्हता, घरच्या माणसाला सांभाळून घ्यावं तसं ते हसणं होतं, आणि मला तेच जास्त लागलं.

"अहो, पूजा आमच्याकडेही असते," ते म्हणाले. "आम्ही अठ्ठावीस लिहितो. दुरुस्तीत तेवढं करून टाका."

शेजारी बसलेले विभागप्रमुख हसले. त्यांच्या मागोमाग मीही हसलो.

ती हसली नाही. पास झाल्याचं सांगितलं तरी जागची हलली नाही. दुरुस्त केलेल्या प्रतीवर सही माझी लागणार होती.

"सर, तुम्ही सांगा," ती मला म्हणाली. "तीस ठेवू का अठ्ठावीस करू?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी टेबलावरचे कागद गोळा करायला लागलो आणि म्हणालो, "सर सांगतात तसं कर."